पॅटिओच्या लाकडी छपराला जॉइस्ट हँगर कसे ठोकावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत घरामागच्या पॅटिओवर (उघड्या फरसबंद जागेवर) लाकडी छप्पर उभं करताय. घराच्या भिंतीला २ बाय ८ ची लेजर (भिंतीला लावलेली आडवी फळी), समोर खांबांवर तुळई, आणि दोन्हींच्या मध्ये २ बाय ८ चे वासे, दर १६ इंचांवर एक. भिंतीपासून तुळईपर्यंतचं आडवं अंतर १२ फूट, उतार १२ ला ३, म्हणजे १२ इंच आडव्याला ३ इंच. वाशांची वरची टोकं लेजरला धरायला तुम्ही दुकानातून सिम्पसन कंपनीचे एलयूएस २८ जॉइस्ट हँगर (वाशाचं टोक धरणारे पत्र्याचे खोबणे) आणले आणि शेजारच्याच फळीवरचं दीड इंची हँगर खिळ्यांचं पाकीट उचललं. आता विचारताय की प्रत्येक भोकात खिळा मारायलाच हवा का, कारण शेजारी म्हणतो की दोन्हीकडे दोन-दोन पुरेत. घरात पडलेले डेकचे स्क्रू चालतील का? आणि काही वाशांच्या टोकाशी बोट जाईल एवढी फट राहिली आहे, तिचं काय करायचं?

आधी सरळ उत्तरं देतो. नेमून दिलेलं प्रत्येक भोक भरायचं. डेकचे स्क्रू चालत नाहीत. फट ३ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे १/८ इंचापेक्षा जास्त नको. आणि तुम्ही न विचारलेली, पण या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट: आणलेले हँगर उतरत्या वाशासाठी नाहीतच. ते परत करा. का, ते सांगतो.

आपल्यापैकी बरेच जण कौलारू घरं बघत वाढलो. त्या छपरात वासा वरच्या बाजूला आढ्यावर टेकतो आणि खाली भिंतीवर. वजन लाकडावरून लाकडावर, तिथून भिंतीत उतरतं. खिळ्याचं काम तिथे एवढंच की वासा जागचा सरकू नये. म्हणून दोन खिळे काय नि तीन काय, असं आपल्याला वाटतं, आणि त्या छपरापुरतं ते बरोबरही आहे. तुमच्या छपरात वासा लेजरच्या डोक्यावर बसत नाही, तिच्या पोटाला लटकतो. वाशाचं टोक हँगरच्या पत्र्यावर, पत्रा खिळ्यांवर, खिळे लेजरमध्ये. अर्ध्या छपराचं वजन या वाटेने जातं आणि तिला पर्यायी वाट नाही. हँगर म्हणजे १८ गेजचा वाकवलेला पत्रा. त्याची सगळी ताकद खिळ्यांतून येते.

आता आकडे मांडू. एका वाशाच्या वरच्या टोकाला किती छप्पर येतं? १६ इंच म्हणजे १.३३ फूट रुंदी, गुणिले निम्मं अंतर ६ फूट, म्हणजे ८ चौरस फूट. छपराचं स्वतःचं वजन चौरस फुटाला १० पौंड आणि बर्फ ३० पौंड धरला, तर एका हँगरवर ३२० पौंड आले. ऐकायला फार नाही. पण तुमचं छप्पर घराच्या मोठ्या छपराच्या खाली आहे. वारा वरचा बर्फ उडवून नेमका भिंतीलगत आणून टाकतो, शिवाय वरच्या छपरावरचा थर घसरून खाली पडतो तो वेगळाच. भिंतीजवळ बर्फाचा भार सहज दुप्पट होतो, आणि तुमचे हँगर भिंतीलाच आहेत. बर्फ ६० पौंड धरून तोच हिशेब केला की ५६० पौंड होतात.

दुसऱ्या बाजूला खिळा. ०.१४८ इंच जाडीचा आणि ३ इंच लांबीचा खिळा (इथले सुतार त्याला टेन-डी कॉमन म्हणतात) पातळ पत्र्यातून लाकडात गेला की आडव्या जोराला साधारण १०० पौंड किंवा थोडं जास्त पेलतो. एलयूएस २८ ला लेजरमध्ये ६ आणि वाशातून ४ असे १० खिळे लागतात, आणि कंपनीच्या तक्त्यात डग्लस फर लाकडासाठी दिलेली क्षमता ११०० पौंडांच्या आसपास आहे. दहा खिळे, अकराशे पौंड. हिशेब सरळ जुळतो. शेजाऱ्याच्या सल्ल्याने लेजरमध्ये चार खिळे मारले तर हातात चारेकशे पौंड उरतात आणि भिंतीजवळचा बर्फ ५६० चा आहे. लगेच कोसळणार नाही, कारण या आकड्यांत सुरक्षेसाठी राखीव ठेवलेली असते. पण ती राखीव ओल्या लाकडासाठी, गाठीसाठी, चुकीच्या ठिकाणी गेलेल्या एखाद्या खिळ्यासाठी आहे. खिळे वाचवण्यात ती पहिल्याच दिवशी संपवायची नाही. आणि अर्ध्या खिळ्यांची क्षमता किती, हे कुठल्याच तक्त्यात छापलेलं नसतं. निम्मे खिळे मारलेल्या हँगरला बांधकाम तपासणारा इन्स्पेक्टर हँगर मानत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता ती तिरपी भोकं. एलयूएस हातात घेऊन बघा. दोन्ही गालांवर (वाशाच्या दोन्ही अंगांना लागणाऱ्या बाजूंवर) पत्रा घुमटासारखा थोडा फुगवलेला दिसेल आणि भोकाचं तोंड लेजरकडे वळलेलं असेल. तिथे खिळा ४५ अंशांत मारायचा असतो. तो गालाच्या पत्र्यातून वाशात शिरतो, वाशाचं टोक तिरपं पार करतो आणि पलीकडे लेजरमध्ये घुसतो. एकच खिळा वाशालाही धरतो आणि लेजरलाही, म्हणून थोड्या खिळ्यांत इतकी ताकद मिळते. ३ इंची खिळा ४५ अंशांत गेला की लेजरच्या दिशेने तो दोन इंचांहून थोडा जास्त सरकतो. दीड इंची खिळा जेमतेम एक इंच सरकतो, म्हणजे वाशातच संपतो, लेजरपर्यंत पोचतच नाही. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. भोक भरलंय, डोकं पत्र्याला टेकलंय, आणि आत सांधा झालेलाच नाही. दुरुस्तीसाठी उघडलेल्या जुन्या डेकमध्ये मला सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच, कारण दुकानात हँगरच्या शेजारी ठेवलेल्या पाकिटावर 'हँगरसाठी' असंच लिहिलेलं असतं. पाकीट खोटं बोलत नाही. काही हँगरमध्ये गालावरची भोकं सरळ असतात आणि खिळा वाशात काटकोनात जातो. तिथे दीड इंचीच हवा, कारण २ बाय ८ ची खरी जाडी दीडच इंच असते आणि लांब खिळा दुसऱ्या बाजूने बाहेर येईल. तिरप्या भोकात लांब खिळा, सरळ भोकात तक्ता सांगेल तो.

गालावरचे खिळे गाळायचा मोह फार होतो. वासा तर बैठकीत, म्हणजे हँगरच्या तळाच्या पत्र्यावर बसलाय, कुठे जाणार? तो वर जातो. तुमचं छप्पर तिन्ही बाजूंनी उघडं आहे. वारा खालून शिरून ते वर ढकलतो आणि वरून ओढतोही. चौरस फुटाला २५ पौंडांचा वर उचलणारा जोर धरला तर एका टोकाला २०० पौंड होतात, त्यातून छपराच्या वजनाचा भरवशाचा भाग वजा केला तरी दीडशेच्या आसपास उरतात. हा जोर घेणारे फक्त वाशातले खिळे असतात. ते नसतील तर वासा नुसता ठेवलेला आहे. दुसऱ्या टोकाला तुळईवरही हेच: वाशाला खाच मारून तो तुळईवर बसवला की वजनाची चिंता मिटते, पण उचलणाऱ्या वाऱ्यासाठी तिथे प्रत्येक वाशाला वेगळी हरिकेन टाय (वासा तुळईला बांधणारी पत्र्याची पट्टी) लागते. ती हँगरपेक्षा स्वस्त आहे, विसरू नका.

आता उताराबद्दल. एलयूएसची बैठक लेजरशी काटकोनात, म्हणजे सपाट. ती लेजरपासून साधारण पावणेदोन इंच पुढे येते. तुमचा वासा १२ ला ३, म्हणजे १४ अंश उतरतो. त्याचं टोक ओळंब्यात कापून हँगरमध्ये ठेवलंत की वाशाची खालची बाजू बैठकीच्या फक्त पुढच्या कडेवर टेकते आणि लेजरच्या अंगाला तिच्याखाली जवळजवळ ११ मिलिमीटर पोकळी राहते. एखादं पोस्टकार्ड आत सरकवून बघा, ते थेट लेजरपर्यंत जाईल. सगळं वजन त्या एका कडेवर येतं. पत्रा तिथून खाली वाकू लागतो, लाकडाचे तंतू चेपतात, तिरप्या खिळ्यांचा कोनही बिघडतो. कंपनीच्या तक्त्यातला आकडा या स्थितीला लागूच होत नाही. सपाट हँगरला नगण्य उतार चालतो, १२ ला पाव इंचाच्या आसपास. तुमचा त्याच्या बारा पट आहे.

यावर लोक दोन उपाय करतात. एक तर हातोडीने बैठक खाली वाकवतात. पत्रा जिथे दुमडतो तिथला जस्ताचा मुलामा तडकतो आणि पत्राही कमकुवत होतो. नाही तर वाशाच्या पोटाला खाच मारून तो सपाट बसवतात. खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून लाकूड पुढे उभं चिरत जातं, आणि चीर नेमकी तिथे सुरू होते जिथे वाशावरचा कातर (आडवा कापू पाहणारा) जोर सर्वांत जास्त असतो. कंपनीच्या सूचनांत असा तपशील काढून दिलेला नसेल तर हे करू नका. उतार जुळवता येणारे हँगर मिळतात. सिम्पसनकडे एलएसएसआर या नावाने आहेत, मायटेककडेही तसे मिळतात. त्यांची बैठक जागेवर हव्या त्या कोनात वळवता येते, पण एकदाच. वळवून परत सरळ करून पुन्हा वळवायची नाही. किंमत साध्या हँगरच्या कितीतरी पट आहे हे खरं. तुमच्या कामात वासे थोडेच आहेत, तिथे काटकसर करू नका. त्या हँगरचा खिळ्यांचा तक्ता वेगळा आहे, तो उघडून बघा आणि तोच पाळा. वर दिलेले ६ आणि ४ हे आकडे एलयूएस २८ चे आहेत, नव्या हँगरला लावू नका.

भोकांच्या आकारालाही अर्थ असतो. गोल भोकं भरायचीच. काही हँगरमध्ये त्रिकोणी भोकं असतात, ती जास्तीत जास्त क्षमता हवी असेल तर भरायची. पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची भोकं ऐच्छिक असतात. कानांवरचे (लेजरला टेकणाऱ्या दोन पट्ट्यांवरचे) दुमडलेले टोकदार दात हातोडीने लेजरमध्ये ठोकतात, ते हँगर तात्पुरता जागेवर राहावा म्हणून. त्यांची ताकद शून्य धरायची.

स्क्रूचं म्हणाल तर डेकचा स्क्रू कडक केलेल्या पोलादाचा असतो. फळी खाली ओढून धरायला तो उत्तम, पण आडवा जोर आला की वाकत नाही, मानेत तुटतो. खिळा वाकतो, चेपतो, आवाज करतो, आणि तोपर्यंत शेजारच्या खिळ्यांवर भार वाटला जातो. ड्रायवॉलच्या काळ्या स्क्रूंचं नावच काढू नका. स्क्रूच वापरायचे असतील तर हँगरच्या कंपनीने खास पत्र्याच्या सांध्यांसाठी बनवलेले, षटकोनी डोक्याचे घ्या, आणि तुमच्या हँगरच्या तक्त्यात ते चालतील असं लिहिलंय का ते तपासा. काढून पुन्हा लावता येतात आणि अडचणीच्या जागी हातोडी फिरवावी लागत नाही, म्हणून ते मलाही आवडतात.

फटीचा नियम खिळ्यामुळेच आहे. वाशाचं टोक आणि लेजर यांच्यात बोटभर अंतर असेल तर तिरपा खिळा लाकडातून निघून मोकळ्या हवेतून जातो आणि मग लेजरमध्ये शिरतो. मधल्या भागात त्याला कुणाचा आधार नाही, तो तिथे वाकतो. लेजरमध्ये रुतणारी लांबीही तेवढी कमी होते. फटीत पाचर ठोकून काही होत नाही, ती सुकल्यावर गळून पडते. लांडे झालेले वासे बाजूला काढा, दुसरीकडे आडव्या ठोकळ्यांसाठी वापरा, आणि नवे कापा. कापताना लेजर आणि तुळई यांच्यातलं अंतर प्रत्येक वाशाच्या जागी वेगळं मोजा. घराची भिंत सरळ असते हा समज पहिल्या मापातच जातो. टोक उभ्या दिशेतही लेजरला पूर्ण टेकायला हवं; वर टेकलेलं आणि खाली उघडं असेल तरी ती फटच.

बसवण्याची माझी पद्धत अशी. लेजरवर वाशांच्या जागा दोन्ही कडांनी आखून घ्यायच्या. मग वाशाच्याच लाकडाचा फूटभर तुकडा, टोक बरोबर त्याच कोनात कापलेला, हँगरमध्ये घालून तो लेजरवर धरायचा, त्याची वरची कड लेजरच्या वरच्या कडेशी जुळवायची, आणि हँगरचा एक कान दोन खिळ्यांनी पक्का करायचा. दुसरा कान तुकड्याला घट्ट आवळून मग त्यात खिळे. यामुळे हँगर फाकत नाही. फाकलेल्या हँगरमध्ये वासा हलतो आणि बैठकीवर वाकडा बसतो. खिळे संपेपर्यंत दर दोन-तीन खिळ्यांनंतर तुकडा बैठकीला टेकलेला आहे ना ते बघायचं. नंतर खरा वासा, त्याची नैसर्गिक कमान वर करून. दुकानातल्या २ बाय ८ ची उंची ओलसरपणानुसार थोडी कमी-जास्त असते, त्यामुळे नमुन्याचा तुकडा सरासरी उंचीच्या वाशातून काढा.

एवढे खिळे हाताने मारताना मनगट दुखतं, आणि शेवटच्या हँगरला खिळे कमी पडतात ते बहुतेक याच कारणाने. हवेवर चालणारा, मुठीत धरायचा पाम नेलर भाड्याने मिळतो, तो आणा. सांगाडा ठोकायची साधी खिळ्यांची बंदूक वापरू नका. तिचं टोक भोक शोधू शकत नाही, ती पत्रा फाडून कुठेही खिळा घालते, आणि तिचे नेहमीचे खिळे ०.१३१ इंचांचे असतात, ०.१४८ चे नव्हे. खिळा वाकला तर उपटून त्याच भोकात नवा मारा. लाकूड चिरतंय असं दिसलं तर खिळ्याच्या जाडीच्या पाऊण पट ड्रिलने आधी भोक पाडा.

आता गंज. लेजर दाबाखाली रसायन भरलेल्या हिरवट लाकडाची असेल. अमेरिकेत घरगुती वापरासाठीचं आर्सेनिकवालं लाकूड २००३ च्या अखेरीस बंद झालं, आणि त्यानंतर आलेल्या रसायनांत तांबं बरंच जास्त आहे. ओल आली की तांबं जस्त खातं. म्हणून हँगर जाड मुलाम्याचा हवा (सिम्पसन त्याला झीमॅक्स म्हणते, पाकिटावर जी १८५ असा शिक्का असतो) आणि खिळे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले. चकचकीत दिसणारे खिळे बहुधा विजेने मुलामा दिलेले, फार पातळ थराचे असतात. डुबवलेला खिळा राखाडी आणि हाताला खरखरीत लागतो. घर किनाऱ्यालगत असेल तर ३१६ प्रतीचं स्टेनलेस घ्या. कोकणात समुद्रकाठच्या घरांत पत्र्याच्या खिळ्यांचं काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटवावं लागत नाही. मात्र स्टेनलेस घेतलंत तर हँगर आणि खिळे दोन्ही स्टेनलेस. एक स्टेनलेस आणि दुसरं जस्ताचं अशी जोडी जमवली की जस्ताचं आधी जातं.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात आली नाही, म्हणून विचारतो: लेजर भिंतीला कशाने धरली आहे? सगळे हँगर नीट ठोकले आणि लेजर नुसत्या खिळ्यांवर असली तर सगळं छप्पर लेजरसकट सुटून येतं. साइडिंग (भिंतीचं बाहेरचं आवरण) काढून, आतल्या रिम बोर्डला (मजल्याच्या कडेची फळी) किंवा स्टडला (भिंतीतला उभा लाकडी खांब) अर्ध्या इंची लॅग स्क्रू (लाकडात जाणारे जाड स्क्रू) किंवा आरपार बोल्ट हवेत, वर-खाली आळीपाळीने. वरून पाणी आत जाऊ नये म्हणून फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पट्टी हवी. भिंतीला बाहेरून विटांचा थर असेल तर तो फक्त दिखाऊ आवरण आहे, त्याला लेजर टांगायची नाही. मग भिंतीलगतही खांब उभे करून तिथे वेगळी तुळई घ्यावी लागते. तीच गोष्ट वळचणीच्या फळीची: तिला छप्पर टांगू नका.

या कामाला बांधकाम परवाना लागतो, आणि लाकडी सांगाड्याची तपासणी तो झाकला जाण्याआधी होते. तुम्ही घेतलेल्या हँगरचं सूचनापत्रक छापून जागेवर ठेवा. इन्स्पेक्टर ते मागतो आणि भोकं मोजतो. भिंतीजवळच्या बर्फाचा आकडा तुमच्या गावाप्रमाणे आणि वरच्या छपराच्या लांबीप्रमाणे बदलतो, तो परवान्याच्या नकाशावर एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लिहून घ्या. मग हँगर निवडा. आणलेले एलयूएस २८ सीलबंद असतील तर दुकान परत घेईल. दीड इंची पाकीट मात्र ठेवा. नव्या हँगरच्या तक्त्यात सरळ भोकांना बहुधा तेच लागतील. ते डुबवलेल्या जस्ताचे आहेत का एवढं बघून घ्या.